एबी रोडवरचे जुने मॉल: काय उरलंय, काय घ्यावं आणि गाळा घेण्याआधी काय तपासावं

एमजी रोडवरच्या ट्रेझर आयलंडने, म्हणजे आपल्या टीआयने, इंदूरला मॉलची सवय लावली. त्याच्यामागोमाग विजयनगरच्या आसपास एबी रोडवर रांगच लागली: सी२१, मल्हार मेगा मॉल, मंगल सिटी, ऑर्बिट. आता बायपासवर फिनिक्स सिटाडेल आहे. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, घरात ‘मॉलला जाऊ या’ म्हटलं की मुलं बायपासचंच नाव घेतात. मग पहिल्या पिढीच्या मॉलमध्ये जावं का, गेलं तर कशासाठी, आणि ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून तिथला गाळा भाड्याने किंवा विकत घ्यावा का, एवढेच प्रश्न उरतात. हे परीक्षण त्यांच्यापुरतं आहे.

कोणत्या मॉलला किती गुण, असा तक्ता मात्र इथे मिळणार नाही. मॉलची तब्येत सहा महिन्यांत पालटते. एक मोठं दुकान उठलं की अख्खा मजला ओस पडतो, आणि चांगला भाडेकरू आला की पुन्हा वर्दळ सुरू होते. त्यामुळे नावानिशी निकाल देण्यापेक्षा आत शिरल्यावर काय बघायचं ते सांगतो. दहा मिनिटांत तुमचा निकाल तुम्हीच लावाल.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘ऑनलाइनमुळे मॉल बसले’ हे ऐकायला सोपं आहे, पण अपुरं आहे. ऑनलाइन खरेदी सगळ्यांच्याच दारात आली, तरी एकाच शहरात एक मॉल भरलेला आणि दुसरा रिकामा दिसतो. फरक बहुतेक वेळा रजिस्ट्रीच्या कागदांत असतो: गाळे भाड्याने दिले होते की एकेक करून विकून टाकले होते.

विकलेला मॉल

भाड्यावर चालणाऱ्या मॉलचा मालक एकच असतो. कुणाला कुठे बसवायचं, चपलांच्या दुकानाशेजारी काय हवं, न चालणारं दुकान कधी उठवायचं, हे तोच ठरवतो. भाड्याची बांधणी साधारण अशी: एक ठरावीक किमान रक्कम किंवा विक्रीतला टक्का, यातलं जे जास्त असेल ते. दुकान चाललं तरच मालकाला वरचे पैसे दिसतात, म्हणून गर्दी खेचून आणायची निकड त्यालाही असते.

दुसऱ्या प्रकारात पाया खणतानाच गाळे विक्रीला निघतात आणि त्याच पैशांवर इमारत उभी राहते. शेवटचा गाळा विकला गेला की बिल्डरचा नफा त्याच्या हातात पडलेला असतो; पुढे मॉल चालो न चालो. गाळे घेणारे कोण? डॉक्टर, निवृत्त बँकवाले, सराफ्यातले व्यापारी, पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेल्या मुलांचे आईवडील. यातल्या बहुतेकांना दुकान चालवायचं नसतं, घरबसल्या भाडं हवं असतं. दोन-अडीचशे मालक म्हणजे दोन-अडीचशे भाव. एकाला तयार कपड्यांचं दुकान हवं, दुसरा जास्त भाडं देतो म्हणून क्लासवाल्याला आत घेतो, तिसरा ‘भाव येईल तेव्हा बघू’ म्हणत वर्षानुवर्षं कुलूप ठेवतो. मोठ्या ब्रँडला सलग दोन-तीन हजार फूट हवे असतात. त्यासाठी शेजारच्या आठ मालकांच्या सह्या लागतात आणि आठवा नेमका अमेरिकेत असतो.

हिशेब मांडून बघा. ३०० चौरस फूट सुपर बिल्टअपचा, म्हणजे सामायिक जागेचा वाटा धरून मोजलेला गाळा, ९,००० रुपये फुटाने २७ लाखांचा. मॉलमध्ये प्रत्यक्ष वापराची जागा बहुधा ५० ते ६० टक्केच असते, कारण मधला चौक, व्हरांडे, जिने, यंत्रघरं सगळ्यांच्या माथी वाटलेली असतात. ५५ टक्के धरले तर पायाखाली १६५ फूट येतात. ‘पहिली तीन वर्षं १२ टक्के नक्की’ असं आश्वासन असेल तर महिना २७,००० रुपये येतात आणि सगळं गोड वाटतं. ही रक्कम बऱ्याचदा भाड्यातून येतच नाही, गाळ्याच्या चढ्या किमतीतूनच परत केलेली असते. चौथ्या वर्षी खरं भाडं कळतं. समजा फुटाला ६० रुपये, म्हणजे १८,००० आले. भाडेकरू गेला तर तेही बंद, पण सामायिक देखभालीचं बिल थांबत नाही: फुटाला १५ रुपये धरले तर ४,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१०. वर्षभर कुलूप राहिलं तर ६३,७२० रुपये गेले, शिवाय निगमचा मालमत्ता कर. इथे मालक देखभाल भरणं सोडतो, आणि घसरगुंडी इथूनच सुरू होते. पैसे न आल्यामुळे एक चिलर, म्हणजे मॉल थंड ठेवणारं मोठं यंत्र, बंद होतो, उकडतं म्हणून गिऱ्हाईक घटतं, गिऱ्हाईक घटलं म्हणून आणखी दोन भाडेकरू जातात, आणि उरलेल्यांवर बोजा आणखी चढतो.

रेरा कायदा मे २०१७ पासून पूर्ण अमलात आला, त्यात चटई क्षेत्रावरच, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवरच, सौदा करण्याची सक्ती आहे. पहिल्या पिढीचे मॉल त्याच्या आधीचे, म्हणून जुन्या रजिस्ट्रीत सुपर बिल्टअपचे आकडे सापडतात. पुनर्विक्रीत असा गाळा बघायला जाल तर टेप घेऊन जा.

तुकड्यातुकड्यांची मालकी मुळातच वाईट असते असं नाही. शीतलामाता बाजार, जेल रोड, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, सियागंज: सगळीकडे शेकडो मालक आहेत आणि सगळं धडधाकट चालतंय. कारण तिथल्या प्रत्येक दुकानाचं तोंड रस्त्याकडे आहे, मीटर स्वतःचं, शटर स्वतःचं. शेजाऱ्याने दुकान बंद ठेवलं तर त्याचं नुकसान त्याच्यापाशी. छप्पन दुकान घ्या. २०२० मध्ये तिथला रस्ता वाहनमुक्त करून नव्याने मांडला, आणि तरीही प्रत्येक दुकान आपापल्या पायावरच उभं आहे. सराफ्यात तर दिवसा सोनं विकणाऱ्या दुकानापुढची जागा रात्री खाऊवाल्यांच्या कामी येते, तीच जागा दोनदा कमावते. मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याला रस्ता नाही. त्याचा रस्ता म्हणजे सरकता जिना, आणि तो चालू ठेवायला सगळ्यांचे पैसे लागतात. बाजाराची मालकी आणि मॉलची इमारत, अशी ही विजोड सांगड होती.

मजल्यामजल्यावर काय बघायचं

सुरुवात सरकत्या जिन्यापासून करा. चढणारा चालू आणि उतरणारा बंद, हे पहिलं लक्षण. दोन्ही बंद आणि खाली दोरी बांधलेली असेल तर वार्षिक देखभालीचा करार संपलाय असं समजायला हरकत नाही. हा जिना साध्या जिन्यासारखा वापरायचा नसतो. त्याची पायरी नेहमीच्या जिन्यापेक्षा उंच असते, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या पायऱ्यांची उंची कमीजास्त असते. ज्येष्ठ मंडळी नेमकी तिथे अडखळतात, म्हणून बंद असेल तर बाजूचा जिना घ्या. चालू असेल तर टोकाशी, पायऱ्या जिथे आत जातात तिथल्या पिवळ्या कंगव्याचे दात बघा. दात तुटलेले असतील तर मऊ रबरी चपला घातलेल्या मुलाला कडेवर घ्या. अशा चपला कंगव्यात किंवा बाजूच्या पत्र्याच्या फटीत ओढल्या जातात.

मग हवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास वरच्या मजल्यावर जा. मधला चौक तीन-चार मजले उंच आणि वर काचेचं छप्पर, त्यामुळे गरम हवा वर साचते आणि वातानुकूलन ढिलं पडलं की आधी वरचा मजला तापतो. तळमजल्यावर गार वाटतं, त्यावर जाऊ नका. यामागचं कारण असं: मोठा चिलर पूर्ण मॉलच्या हिशेबाने बसवलेला असतो. निम्मे गाळे रिकामे झाले तरी चौक आणि व्हरांडे थंड करावेच लागतात, आणि चिलर अगदी कमी भारावर चालवला की युनिटमागे थंडावा कमी मिळतो. विजेच्या उच्चदाब जोडणीचा स्थिर आकार वापर घटला तरी भरावाच लागतो. त्यात चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरला बोअरचं जड पाणी गेलं की चिलरच्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर उपसून इंदूरला येतं, ते टॉवरमध्ये उडवायला कोण देणार? नळ्या साफ करायला पैसे नाहीत, मग थर्मोस्टॅट २७ वर आणि दुकानदार आपापला पंखा घेऊन बसलेला.

स्वच्छतागृह हा देखभालीचा सर्वांत प्रामाणिक आरसा. कोणत्या मजल्यावरचं चालू आहे ते विचारा. ‘फक्त वरचं’ असं उत्तर आलं, तर मॉल आता सिनेमाच्या पैशांवर चाललाय.

सिनेमागृह सर्वांत वर आणि फूड कोर्ट त्याच्या खाली किंवा शेजारी, ही मांडणी हिशेबाने केलेली असते. माणसं वर जातात आणि उतरताना मजल्यामजल्यावर झिरपतात. पुढे सिनेमावाल्यांच्या सोयीसाठी बेसमेंटपासून थेट वर जाणारी लिफ्ट खुली होते. प्रेक्षक गाडी लावतो, लिफ्टने वर जातो, सिनेमा बघून त्याच वाटेने खाली. मधले दोन मजले त्याच्या नजरेलाही पडत नाहीत. शनिवारी संध्याकाळी पार्किंग भरलेलं आणि दुसरा मजला सुनसान, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. त्या गर्दीवर भुलून गाळा घेऊ नका.

दुसरा मजला सगळ्यात बोलका. तयार कपडे गेले की तिथे क्रमाने काय येतं ते ठरलेलं आहे: आधी सलून आणि टॅटूवाले, मग स्पर्धा परीक्षांचे क्लास, मग कॉल सेंटर किंवा छोट्या आयटी कंपन्या, शेवटी गोदाम. यातला प्रत्येक भाडेकरू भाडं देतो, तरी खालच्या दुकानाला गिऱ्हाईक देत नाही. क्लासची मुलं जिन्यात बसतात, चहा बाहेरच्या टपरीवर पितात. काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसलं की तारीख वाचा. गाळा कधीपासून बंद आहे ते फुकटात कळतं.

गेमिंग झोन असेल तर थोडा जास्त वेळ द्या. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमधल्या आगीत २७ माणसं गेली, त्यात मुलंही होती. आत जाताना दोन गोष्टी बघायच्या. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा ढकलून उघडतो का, की त्याला साखळी लावून मागे खोकी रचली आहेत? आणि छताला स्प्रिंकलर दिसतात का? त्यातली लाल रंगाची काचेची नळी साधारण ६८ अंशांना फुटते आणि पाणी सुटतं. पण नवं खोटं छत स्प्रिंकलरच्या खाली घातलं असेल, तर धग त्या नळीपर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो. गाळा तीनदा हातबदल झालेला असला की ही चूक हमखास सापडते, कारण प्रत्येक भाडेकरू सजावट नव्याने करतो आणि सगळ्या मजल्याचा नकाशा कुणाकडेच नसतो.

मोठी दुकानं गेली तेव्हा

प्रत्येक मॉल दोन-तीन मोठ्या दुकानांवर तोललेला असतो. ही दुकानं वीस-तीस हजार फूट घेतात आणि फुटामागे भाडं सर्वांत कमी देतात. ती सवलत गर्दीची किंमत असते, जी छोटे गाळेवाले चढं भाडं देऊन फेडतात. मोठं दुकान गेलं की छोट्याचं चढं भाडं कशाबद्दल, याला उत्तरच राहत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सिनेमागृहं कितीतरी महिने बंद राहिली. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस फ्यूचर समूहाच्या बिग बाजारची देशभरातली दुकानं बंद झाली. भाडी थकली होती, जागांचे करार रिलायन्सच्या हाती गेले होते, आणि त्याच वर्षी जुलैत फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाल्या. त्याच मे महिन्यात त्यांनी ५० पडदे बंद करणार असल्याचं जाहीर केलं, आणि आयुष्य संपत आलेल्या मॉलमधले पडदे त्यात मोडतात असंही सांगितलं. म्हणजे किराणा खेचणारं दुकान आणि सिनेमा, मध्यम शहरातल्या मॉलचे दोन्ही खांब तीन-साडेतीन वर्षांत हलले. एकच मालक असलेल्या मॉलने वीस हजार फुटांचे चार तुकडे करून नवे भाडेकरू बसवले. विकलेल्या मॉलमध्ये मोठ्या दुकानाची जागाही तीन-चार गुंतवणूकदारांच्या नावावर, त्यामुळे बैठकांवर बैठका.

फिनिक्स सिटाडेलची गोष्ट इथे लागू पडते. बायपासवर अर्धवट राहिलेला मॉलचा सांगाडा फिनिक्स मिल्सने २०१८ मध्ये लिलावात सुमारे २३४ कोटींना घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये तो उघडला, जागा सुमारे दहा लाख चौरस फूट, आणि ती भाड्याने द्यायची. (मुंबईत लोअर परळच्या गिरणीचा मॉल करणारीच ही कंपनी. गिरण्यांच्या इंदूरला हे नातं रुचायला हवं, पण इथल्या गिरण्यांच्या वाट्याला काय आलं ते मालवा मिलच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा.) राजवाड्यापासून बायपास लांब आहे, पेट्रोल जळतं, रविवारी बाहेर पडताना रांग लागते. लोक तरी जातात. तेच शहर, तोच पगार, तेच मोबाइल खिशात. एबी रोड शहराच्या मधोमध असूनही मागे पडला, यात अंतराचा दोष कुठे दिसत नाही.

गिऱ्हाईक म्हणून गेलात तर

जुन्या मॉलमध्ये काही गोष्टी खरोखर चांगल्या मिळतात, आणि त्याचं कारण उतरलेलं भाडं. चष्मे, मोबाइल दुरुस्ती, कपड्यांची मापं कमीजास्त करणारे कारागीर, लहान मुलांचे कपडे, सलून: इथे काम निवांतपणे होतं. कपडे घालून बघायच्या खोलीपुढे रांग नसते. ब्रँडचं एखादं जुनं दुकान टिकून असेल तर मागच्या हंगामाचा माल बऱ्या सवलतीत निघतो, आणि मंगळवार-बुधवार दुपारी विक्रेत्याला माप शोधून द्यायला वेळही असतो. दुचाकी लावायला जागा मिळते, हा विजयनगरात मोठाच फायदा.

चौकात मांडलेल्या ‘फ्लॅट ५०’च्या सेलला मात्र जपून. हे स्टॉल आठ-पंधरा दिवसांचे पाहुणे. लेबलवर एमआरपी, माप, उत्पादकाचं नाव आणि तक्रारीसाठी फोन किंवा ई-मेल असायला हवा. एमआरपीच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी असेल तर नखाने उचलून बघा. जीएसटी क्रमांक छापलेलं बिल मागा. ‘मशीन बंद आहे, हाताने लिहून देतो’ असं कुणी म्हटलं तर वस्तू परत ठेवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, पण दुकानाचं नावच कागदावर नसेल तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

आगाऊ पैसे भरायचे व्यवहार टाळा. जिमचं वर्षाचं सभासदत्व, सलूनचं दहा हजारांचं पॅकेज, गेमिंग झोनचं रिचार्ज कार्ड, मुलांच्या क्लासची एकरकमी फी: दुकानाचा करार अकरा महिन्यांचा असताना तुम्ही बारा महिन्यांचे पैसे का भरायचे? महिन्याने किंवा तिमाहीने द्या, सवलत थोडी गेली तरी चालेल.

माहेश्वरी साडी, पैठणी, लग्नाचा बस्ता यांसाठी मॉलमध्ये वेळ घालवू नये. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटसुलट नेसता येईल असा असतो. तो उलटून दाखवणारा आणि सुताची माहिती असणारा दुकानदार राजवाड्याच्या परिसरातच भेटेल. खाण्याचं तर बोलायलाच नको. छप्पन दुकान आणि सराफा ज्या शहरात आहे तिथे फूड कोर्टमधल्या थंड पडलेल्या नूडल्स कोण खाणार? फूड कोर्टात आता निम्मे गल्ले घरपोच मागवणाऱ्यांसाठीच चालतात. बसायची टेबलं रिकामी आणि मागच्या दाराशी डिलिव्हरीवाल्यांची गर्दी दिसेल. तिथे काही घ्यायचंच असेल तर ज्या गल्ल्यापाशी त्यांची रांग आहे तिथलं घ्या. माल खपतो, म्हणजे ताजा असतो.

गाळा भाड्याने घेणाऱ्यांसाठी

दलाल फुटाचा भाव सुपर बिल्टअपवर सांगतो. ४०० फूट, ७० रुपये, म्हणजे २८,०००. देखभाल १८ रुपये, म्हणजे ७,२००. बेरीज ३५,२००. वर १८ टक्के जीएसटी ६,३३६, एकूण ४१,५३६. वापराची जागा ५५ टक्क्यांनी २२० फूट. जीएसटी सोडून फुटाला १६० रुपये पडले. तुम्ही जीएसटीच्या, छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो खर्चच धरा. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल तरी सुटका नाही: ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी असलेल्या भाडेकरूने व्यापारी जागेच्या भाड्यावरचा कर स्वतः भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना त्यातून नंतर सूट मिळाली.

आता विक्री किती लागेल ते काढा. किरकोळ धंद्यात भाडं आणि देखभाल मिळून विक्रीच्या १५ टक्क्यांवर गेली की दम लागतो. ३५,२०० साठी महिन्याला सुमारे २ लाख ३५ हजारांची विक्री हवी, दिवसाला ७,८०० च्या आसपास. सरासरी बिल ६०० रुपयांचं धरलं तर १३ बिलं. दुकानात शिरणाऱ्या शंभरांतले पंधरा काही घेतात असं समजलं तर रोज ८७ माणसं दारातून आत यायला हवीत. ही संख्या डोक्यात ठेवून एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ त्या गाळ्यासमोर बसा आणि समोरून जाणारी माणसं मोजा. शनिवारी मोजू नका. दलाल नेमका शनिवारीच दाखवायला नेतो.

करारात तपासायच्या गोष्टींत विजेचं कलम पहिलं. मॉल तुम्हाला उपमीटरवर वीज देतो. विद्युत मंडळाच्या विजेचा आणि जनरेटरच्या विजेचा दर वेगवेगळा लिहिलेला हवा. एक लिटर डिझेलमध्ये सव्वातीन-साडेतीन युनिटं निघतात. डिझेल नव्वदीच्या पुढे असताना एक युनिट सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांना पडतं, देखभाल-दुरुस्ती वेगळी. दोन मीटर नसतील तर जनरेटर किती तास चालला हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकणार. दुसरं, वातानुकूलन देखभालीत धरलंय की वेगळं, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. तिसरं, मोठं दुकान किंवा सिनेमा बंद पडला तर भाडं किती उतरेल किंवा विनादंड बाहेर पडता येईल का. जुन्या मॉलमध्ये मालक गरजू असतो, हे कलम मागितलं तर मिळतं. मागत कुणी नाही. चौथं, बाहेरच्या दर्शनी भागावर पाटी लावायचा हक्क. तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानाला पाटी मिळणार नसेल तर भाडं निम्मं असलं तरी महाग.

नऊ वर्षांचा करार, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, ही मोठ्या ब्रँडची पद्धत. छोट्या भाडेकरूने स्वतःला एकतर्फी सोडता येईल असा करार करावा आणि फार तर वर्षभराचं बंधन मान्य करावं. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. नोंदणीचे पैसे वाचवायला अकरा महिन्यांचा करार करून सजावटीत सहा लाख घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणखी एक: आधीच्या मालकाची देखभालीची थकबाकी. ती नव्या भाडेकरूची वीज अडवून वसूल करायचा प्रयत्न होतो. मालक आणि देखभाल समिती, दोघांच्या सहीचं ‘येणं बाकी नाही’ असं पत्र किल्ली घेण्याआधी हातात हवं.

गाळा आधीच घेऊन बसला असाल तर

‘भाव येईल’ ही वाट बघण्यात देखभालीचं बिल जातं. विकायचा असेल तर गिऱ्हाईक बाहेर शोधू नका. मॉलमध्ये दुकान चालवणारे जे मोजके टिकले आहेत, त्यांनाच आधी विचारा. शेजारचा गाळा त्यांच्या उपयोगाचा असतो, परक्याला नुसता आकडा दिसतो.

ठेवायचा असेल तर शेजारच्या पाच-सहा मालकांना गाठून गाळे एकत्र भाड्याने द्या. मधल्या भिंती बहुतेक ठिकाणी भार न पेलणाऱ्या विटांच्या किंवा जिप्समच्या असतात, पण पाडण्याआधी संरचना अभियंत्याकडून लिहून घ्या आणि स्प्रिंकलरची मांडणी नव्याने करायचा खर्च धरा. भाडं फुटाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. कोपऱ्यावरचा मालक जास्त मागणार, त्याला थोडं जास्त देऊन गप्प करायचं, नाहीतर सगळं अडतं. हे दवाखाना, बँकेची शाखा, प्रयोगशाळा, सहकार्यालय (को-वर्किंग) अशा भाडेकरूंना चालतं. त्यांना वाटसरू लागत नाहीत, ठरवून येणारी माणसं पुरतात. म्हणजे तो मजला बाजार म्हणून संपला आणि कार्यालय म्हणून सुरू झाला, हे मान्य करावं लागतं. भाडं कमी येतं, पण येतं.

मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र नोंदवून ठेवा, आणि त्यात भाडं ठरवणं, करारावर सही करणं, देखभाल समितीत मत देणं हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहा. नुसतं ‘देखरेखीसाठी’ असं लिहिलेलं पत्र भाडेकरूचा वकील पहिल्याच बैठकीत परत करतो.